आर्कन्सॉतलं उन्हाळं : आईबाबांना हॉट स्प्रिंग्जला नेताना

माझं माहेर तुरळजवळचं. मुंबईहून गोवा हायवेनं निघालात की संगमेश्वरच्या थोडं अलीकडे, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर गरम पाण्याचं कुंड आहे, तेच तुरळ. कोकणात गरम झऱ्याला उन्हाळं म्हणतात, आणि उन्हाळं म्हटलं की आमच्या डोक्यात एकच चित्र: कपडे काठावर ठेवायचे आणि उतरायचं. त्यामुळे आईबाबा पहिल्यांदा अमेरिकेत, आर्कन्सॉ राज्यातल्या बेंटनव्हिलला माझ्याकडे आले आणि मी म्हटलं की इथून साडेतीन-चार तासांवर हॉट स्प्रिंग्ज नावाचं अख्खं गावच आहे, तेव्हा बाबांनी राजापुरी पंचा आणि साबणाची डबी सगळ्यात आधी बॅगेत टाकली.

पोचलो तर समोर वाहता रस्ता, सिग्नल, दुकानं, आणि रस्त्याच्या एका अंगाला जुन्या देखण्या इमारतींची रांग. मागे डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी हिरवळीवर हिरव्या रंगाच्या बंद पेट्या. पाटी वाचून मी बाबांना सांगितलं, की ह्याच्या खाली झरा आहे. बाबा वाकून बघत म्हणाले, "उन्हाळ्याला कुलूप?"

त्यानंतर सासूसासरे, बहीण, मैत्रिणी असं करत मी पाचदा जाऊन आलेय. डॅलसहून, मेम्फिसहून ओळखीतले लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती: हॉट स्प्रिंग्ज नॅशनल पार्कमध्ये उघड्यावर आंघोळीचं कुंड नाही. एकसुद्धा नाही. डोंगराच्या पश्चिम उतारावर ४७ झरे आहेत, पण बहुतेक सगळे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच झाकून टाकलेत, पाणी घाण होऊ नये म्हणून. ते पाणी नळांतून एकत्र करून स्नानगृहांना आणि रस्त्यावरच्या कारंज्यांना पुरवतात. आणि झाकलं नसतं तरी उतरता आलं नसतं, कारण पाणी सरासरी १४३ फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ६२ सेल्सिअस. चहाच्या आधणाच्या अर्ध्या वाटेवरचं. तेव्हा इथे तीनच गोष्टी करता येतात: पाण्याला हात लावायचा, पाणी प्यायचं-भरून न्यायचं, आणि पैसे देऊन आत आंघोळ करायची. हे घरीच समजावून सांगा, म्हणजे तिथे चेहरे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, गेट शोधू नका. पार्कला गेट नाही, तिकीट नाही. सेंट्रल अव्हेन्यू हा गावातला मुख्य रस्ता, त्याची एक बाजू नॅशनल पार्क आणि समोरची बाजू बाजारपेठ. मॅपवर नुसतं पार्कचं नाव टाकलंत तर डोंगरात कुठे तरी नेऊन सोडेल. 'फोर्डाइस बाथहाऊस' टाका. त्याच्या दारात गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडा. ज्येष्ठांना तिथे उतरवा आणि मागच्या रस्त्यांवर पार्किंग बघा.

बेंटनव्हिलहून जाताना मी रसेलव्हिलला इंटरस्टेट सोडते आणि ७ नंबरच्या हायवेनं खाली उतरते. रस्ता सुंदर, पण कुंभार्ली घाटाची आठवण यावी इतकी वळणं. गाडी लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी हाताशी ठेवा. डॅलसहून इंटरस्टेट ३० धरून साडेचार तास, मेम्फिसहून तीन. विमानानं येणाऱ्यांना लिटल रॉक जवळ, तिथून तासाभराचा रस्ता. जुलै-ऑगस्टमध्ये नका जाऊ. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना गरम पाण्यात कोण बसणार? ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य सगळ्यात छान, पानं रंगलेली असतात. हिवाळ्यात आंघोळीची मजा जास्त, फक्त तेव्हा गावात घोड्यांच्या रेसचा हंगाम सुरू असतो आणि शनिवार-रविवारी हॉटेलांचे भाव चढतात. मधल्या वारी जा.

आता दिवस कसा लावायचा. सकाळी आधी फोर्डाइस बघा. सेंट्रल अव्हेन्यूवर ओळीनं आठ स्नानगृहं आहेत: सुपीरियर, हेल, मॉरिस, फोर्डाइस, क्वापॉ, ओझार्क, बकस्टाफ, लमार. ह्याच ओळीला बाथहाऊस रो म्हणतात. सगळ्यात जुनं हेल १८९२चं, सगळ्यात नवं लमार १९२३चं. फोर्डाइस १९१५ साली उघडलं, १९६२ साली बंद पडलं, आणि आता ते पार्कचं माहिती केंद्र आणि संग्रहालय आहे. आत जायला पैसे नाहीत. घाईघाईत बघू नका, किमान दीड तास ठेवा.

पुरुषांच्या दालनात वर रंगीत काचांचं छत आहे. त्यातून उजेड खाली पाझरतो आणि मधल्या कारंज्यावरच्या पुतळ्यांवर पडतो. शेजारी पांढऱ्या टाइल्सच्या खोल्या, पोर्सिलीनचे टब, पितळी तोट्या. एका टबात पाण्यातून सौम्य वीज सोडायचे, दुखणं बरं व्हावं म्हणून. वाचूनच आईनं हात मागे घेतला. पण आमच्या घरी गाजली ती वाफेची पेटी. लोखंडी कपाट, आत बसायला फळी, वर मान बाहेर काढायला भोक. बाबांनी दार उघडून आत बघितलं, बंद केलं, परत उघडलं. "मोदकपात्र आहे हे. फक्त मोदकाचं नाक बाहेर." तिसऱ्या मजल्यावर व्यायामशाळा आहे, लाकडी मुद्गलं सुद्धा दिसतील. हे सगळं चैनीसाठी नव्हतं. त्या काळी डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे, रोज एक अशा एकवीस आंघोळी. संधिवातवाले तीन-तीन आठवडे मुक्काम ठोकायचे. नंतर चांगली औषधं आली आणि एकेक स्नानगृह बंद पडत गेलं.

एक गोष्ट तिथे नक्की वाचा आणि मुलांना वाचून दाखवा. ह्या टबांत लोकांना घासूनपुसून काढणारे बरेचसे सेवक कृष्णवर्णीय होते, आणि त्याच टबात त्यांना स्वतःला उतरायची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी माल्व्हर्न अव्हेन्यूवर वेगळी स्नानगृहं होती. बाथहाऊस रो सगळ्यांना खुलं झालं ते १९६५ साली. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. त्या फलकासमोर ते बराच वेळ उभे होते, आणि बाहेर येताना चवदार तळ्याचं साल सांगून गेले: १९२७.

फोर्डाइसमधून निघालात की मागच्या बाजूला या. मॉरिसच्या मागे एक झरा मुद्दाम उघडा ठेवलाय, डिस्प्ले स्प्रिंग. थंडीच्या दिवसांत वाफा दिसतात. हात लावताना आधी बोटाचं टोक, मग बोट. मी तळवा बुडवायला गेले होते, पुढचा तासभर तो तळवा लाल होता. पाण्याला गंधकाचा वास नाही. वज्रेश्वरीला गेलेल्या माझ्या सासूबाईंना हे पटेना, त्या तीनदा वाकून वास घेऊन आल्या. कारण असं, की हे पाणी ज्वालामुखीनं तापलेलं नाही. आसपासच्या डोंगरांवर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून झिरपत दीड-दोन किलोमीटर खोल जातो, तिथल्या उष्णतेनं तापतो आणि मग एका भ्रंशाच्या, म्हणजे कातळातल्या मोठ्या चिरेच्या, वाटेनं भराभर वर येतो. जायला हजारो वर्षं आणि यायला थोडाच वेळ, म्हणून वाटेत गार होत नाही. शास्त्रज्ञांनी कार्बनवरून ह्या पाण्याचं वय काढलंय, सुमारे ४,४०० वर्षं. बाबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "म्हणजे मोहेंजोदडोला लोक नांदत होते, तेव्हाचा पाऊस." कुंड नाही म्हणून आलेला रुसवा तिथे उतरला. त्यांना वेळ द्या, इतकंच.

तिथूनच ग्रँड प्रॉमेनेड लागतं. स्नानगृहांच्या मागून, डोंगराच्या कडेनं जाणारी विटांची रुंद पायवाट, अर्धा मैलभर. चढ जवळजवळ नाही, बाकं आहेत, गुडघेदुखीवाल्यांना झेपते. त्या वाटेनं उत्तरेला चालत गेलात की खाली आर्लिंग्टन लॉन नावाची हिरवळ येते, आणि तिथे गरम पाण्याचा छोटा धबधबा, खाली डबकं. खडकावर हिरवं शेवाळ दिसेल, ते गरम पाण्यातच वाढणारं. डबक्याच्या काठावर बसून हात बुडवता येतो, खालपर्यंत येताना पाणी थोडं निवलेलं असतं. पाय सोडून बसायचा मोह होईल. नका बसू, आंघोळीला-डुंबायला मनाई आहे.

पायांत जोर असेल तर प्रॉमेनेडवरून वर डोंगरावर पायवाटा जातात, आणि माथ्यावर २१६ फुटी मनोरा आहे. त्याला तिकीट आहे, गाडीनंही वर जाता येतं. मला मनोऱ्यापेक्षा खालचा व्हरांडा आवडतो, फोर्डाइसच्या दारातल्या झुलत्या खुर्च्या.

आंघोळ. इथे दोन वाटा आहेत आणि कोणाबरोबर गेलात त्यावर निवड करा.

जुन्या पद्धतीची हवी असेल तर बकस्टाफ. १९१२ पासून ते अखंड चालू आहे. पुरुष वेगळ्या मजल्यावर, बायका वेगळ्या. आत कपडे उतरवायचे असतात, सगळे, आणि अटेंडंट तुम्हाला पांढरी चादर गुंडाळून देतो. बाबा आधी नाही म्हणाले, मग चादर म्हणजे सोवळंच की, असं स्वतःलाच समजावून गेले. आधी गरम पाण्याचा मोठा टब, घुसळणाऱ्या पाण्याचा. मग खरखरीत हातमोज्यानं अंग चोळणं. मग कमरेपुरत्या पाण्याचं छोटं टब, मग गरम ओल्या टॉवेलांत गुंडाळून पडून राहणं, मग तीच वाफेची पेटी आणि शेवटी चारी बाजूंनी सुईसारख्या धारा मारणारा शॉवर. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाला यंत्रं जोडलीत असं समजा. फक्त तेल आणि उटणं नाही. बाबा बाहेर आले ते टोमॅटोसारखे लाल आणि अत्यंत गप्प.

सगळ्यांनी मिळून बसायचं असेल तर क्वापॉ, १९२२ची इमारत, घुमटावर रंगीत टाइल्स. २००८ साली ती नव्यानं सुरू झाली. एका मोठ्या दालनात वेगवेगळ्या उष्णतेचे हौद आहेत, स्त्रीपुरुष एकत्र, आणि स्विमसूट लागतोच. ही अट आईला तिथे कळली. सलवार-कमीज, पंजाबी ड्रेस, गाऊन काही चालत नाही. त्यामुळे जाण्याआधी घरीच लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा स्विमसूट मागवून ठेवा. आईनं दुसऱ्या खेपेला तो घातला आणि दोन तास हौदातून हलली नाही, शेजारच्या टेक्ससच्या बाईंना खुणांनी लोणच्याची कृती सांगत होती. लहान मुलं असतील तर वयाची अट आधी बघा, नाही तर एकाला बाहेर राखण करत बसावं लागतं. माझ्या बहिणीच्या नवऱ्यावर ती पाळी आली. वेळा आणि सुट्टीचे वार दोन्हीकडे बदलत असतात, निघण्याआधी फोन करा. सकाळी उघडताना पोचलात तर थांबावं लागत नाही.

तब्येतीबद्दल एक माझी चूक सांगते. दुसऱ्या वेळी आम्ही पोटभर जेवून तडक आंघोळीला गेलो. बाबांची रक्तदाबाची गोळी सकाळीच झाली होती. टबातून झटकन उठले आणि त्यांना घेरी आली. अटेंडंटनं धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम: खाऊन दोन तास जाऊ द्यायचे, आधी आणि नंतर पाणी प्यायचं, उठताना कडेला धरून सावकाश. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेहात ज्यांच्या पायांची संवेदना गेलीय त्यांनी तर फारच जपायचं, कारण चटका बसलेला कळत नाही.

खाण्याचं फार लिहीत नाही. सेंट्रल अव्हेन्यूवर पिझ्झा, सँडविच, पॅनकेक मिळतात. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर नेते आणि आर्लिंग्टन लॉनवर बसून खातो. नवऱ्याचं तीर्थक्षेत्र वेगळं: सुपीरियर स्नानगृहात आता बिअर बनते, ह्याच झऱ्यांच्या पाण्याची, आणि अमेरिकेच्या नॅशनल पार्कमधली ती एकमेव ब्रुअरी. बाबांनी नाव ऐकून चष्मा पुसला, बोलले काही नाहीत.

मुलांना गुंतवायचं असेल तर घरातल्या चिल्लरीत २०१०चं हॉट स्प्रिंग्जचं क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, शोधून न्या. नॅशनल पार्कांची नाणी निघाली त्या मालिकेतलं हे पहिलं. मागच्या बाजूला पार्कच्या कचेरीची इमारत आणि पुढे कारंजं आहे. ती इमारत स्नानगृहांच्या ओळीच्या दक्षिण टोकाला, रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. नाणं डोळ्यासमोर धरून नेमकं कुठे उभं राहिलं की चित्र जुळतं, हे शोधण्यात माझ्या भाच्याची वीस मिनिटं गेली. हा मान ह्याच पार्कला का, ते त्याला बाबांनी सांगितलं: १८३२ साली, अँड्र्यू जॅक्सनच्या कारकिर्दीत, अमेरिकन सरकारनं ही झऱ्यांची जागा राखून ठेवली. यलोस्टोनच्या चाळीस वर्षं आधी. नॅशनल पार्क हे नाव मात्र १९२१ साली मिळालं.

आणि पाणी भरणं सगळ्यात शेवटी, निघताना. ह्यासाठी मी गाडीच्या डिकीत अर्धी जागा मोकळी ठेवते. बाथहाऊस रोवर आणि आसपास नळांची कारंजी आहेत, गावातले लोक तिथे पिढ्यानपिढ्या कॅन घेऊन येतात. पाणी पिण्याजोगं आहे, पार्कवाले तपासतात, आणि फुकट आहे. पहिल्या खेपेला मी समोरच्या एका दुकानातून बाटलीतलं पाणी विकत घेतलं आणि दहा पावलांवर नळ दिसला. रांगेत ओळखपाळख होते. एका आजोबांनी आमच्या बाबांना कॅन कसा तिरका धरायचा ते दाखवलं, म्हणजे फेस न येता गळ्यापर्यंत भरतो.

पण कॅन कुठला? दुधाचे रिकामे गॅलन घेऊन जाऊ नका. आम्ही सहा नेले होते. गरम पाणी आत पडल्यावर ते पातळ प्लास्टिक मऊ पडलं, कान धरून उचलला तर कॅन लांबोडका झाला, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर दोघांनी डिकीत जीव सोडला. बाबांचा राजापुरी पंचा शेवटी तिथे कामी आला. जाड भिंतीचे, गरम पाण्याला चालणारे कॅन न्या, नाही तर स्टीलचे. भरल्यावर झाकण थोडं सैल ठेवून निवू द्या, मग घट्ट करा. थंडच पाणी हवं असेल तर व्हिटिंग्टन अव्हेन्यूवर गार झऱ्याचा नळ आहे, चालत दहा-पंधरा मिनिटं. चहाला मी गरम झऱ्याचंच वापरते. चव वेगळी लागते असं आईचं म्हणणं. मला नाही लागत, पण वाद घालत नाही.

जाताजाता बाजारात धारेचा दगड बघा. इथल्या डोंगरांत नोव्हॅक्युलाइट नावाचा कठीण, गुळगुळीत दगड आहे, आणि त्याचे धार लावायचे दगड 'आर्कन्सॉ स्टोन' म्हणून जगभर जातात. पार्कातून एक खडाही उचलायचा नाही, दुकानातूनच घ्या. बाबांनी विळी आणि कोयत्यासाठी दोन घेतले, एक खरखरीत, एक बारीक, आणि दुकानदारासमोर अंगठ्याच्या नखावर घासून पारखले. परतीच्या विमानाला ते केबिनच्या बॅगेत ठेवू नका. आमची बॅग यंत्रातून तीनदा फिरवली, मग उघडली, आणि सिक्युरिटीवाल्याला विळी म्हणजे काय ते बाबांनी जमिनीवर बसून दाखवलं.